लक्ष लागलंय, हाक मारू नका

फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना आला की मी 'निवृत्त शिक्षिका' असं लिहिते. ते निम्मंच खरं आहे. नगरमध्ये तीस वर्षं बालवाडी चालवली, एवढं खरं. पण ती बंद केल्यापासून मी लोकांच्या घरी जाऊन तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एका जागी, एका कामात रमायला शिकवते. म्हणजे शिकवते त्यांच्या आईबापांना, पण तसं आधीच सांगितलं तर कुणी दार उघडणार नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने एकदा एका गृहस्थांना माझा पत्ता सांगितला, "लक्षवाल्या बाई ना? त्या पिवळ्या घरात." तेव्हापासून मी लक्षवाल्या बाई.

यातली गंमत घरच्यांना ठाऊक आहे. रविवारी उपासनेत प्रवचन सुरू झालं की माझं मन उठून भाजीबाजारात जातं. एकदा निघताना पाळकसाहेबांनी दारात हात मिळवला आणि हळूच विचारलं, "काय बाई, आज मेथी मिळाली का?" तर अशी मी, आणि असलं माझं काम.

काम कसं चालतं ते आधी सांगते. पहिल्या दिवशी मी मुलाकडे बघतच नाही. स्वयंपाकघरात एक स्टूल मागून घेते आणि तासभर घर बघते. टीव्ही कुणासाठी चालू आहे, जेवताना कोण कुणाच्या मागे पळतंय, घरातली मोठी माणसं एक काम हातात घेऊन संपवतात का, हे सगळं त्या तासात दिसतं. लोकांना वाटतं मी काही खेळण्यांची पेटी घेऊन येईन. माझ्या पिशवीत एक लांबट लाल वही आणि चष्मा, मनगटावर घड्याळ, बस. बाकीचं सामान घरातच असतं. मटकी आणि हुलगे एकत्र करून निवडायला द्यायचे, लसूण सोलायला द्यायचा, दाराबाहेरच्या चपलांच्या जोड्या लावायला सांगायच्या, तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला द्यायचं. एका वेळी एकच काम, आणि ते मुलाने स्वतः संपवायचं.

मुलांचं लक्ष मोबाईल खातो हे आता सगळ्यांना तोंडपाठ झालंय. माझा अनुभव असा की मोबाईलच्या आधी ते आपण खातो. पोरगं बिचारं चपलांच्या जोड्या लावत बसलेलं असतं. आई आतून म्हणते, "बाळा, हात घाण होतील." आजोबा विचारतात, "ही कुणाची रे चप्पल?" काका येतो आणि म्हणतो, "इकडे बघ, फोटो काढू." तीन मिनिटांत तीन जणांनी त्याला कामातून उठवलं, आणि संध्याकाळी तेच तिघं मला सांगतात की हा एका जागी बसत नाही. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा नियम एकच होता. लक्ष लागलं असेल तर हाक मारू नका. जेवण गार झालं तरी चालेल, पाहुणे दारात उभे राहिले तरी चालेल, पण हाक मारू नका. हे वाक्य मी इतक्या स्वयंपाकघरांत म्हटलंय की माझ्या सुना मला त्यावरून चिडवायच्या.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. सावेडीतल्या एका इंजिनियर बापाने चार वर्षांच्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर कॅमेरा बसवला होता, म्हणजे कारखान्यातून त्याला दिसावं की ती बसली आहे की उठली. मी म्हटलं, आज मी तुमच्याकडे बघते. तासाभरात त्याने अकरा वेळा फोन उचलला. मी वहीत अकरा रेघा मारून वही त्याच्यापुढे ठेवली. पठ्ठ्याने वही वाचायच्या आधी बारावा फोन घेतला. भिंगारच्या एका आजोबांची लष्करात हवालदारकी झालेली. ते नातवाला रोज सकाळी दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून 'सावधान'मध्ये उभं करायचे. मी त्यांना नातवाबरोबर मटार सोलायला बसवलं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला की बाई, तो माझ्या शेंगा मोजतोय आणि मी कमी सोलल्या तर मलाच उभं करतो. असं काही घडलं की पुढचे आठ दिवस मी मोठ्या दिमाखात चालायची.

या दिमाखाबद्दलच लिहायचंय. गेली दोन वर्षं तो माझ्याकडे नाही.

सोनईच्या एका बालवाडीत मी दर गुरुवारी जायची. नगरहून एसटीने घोडेगावपर्यंत, तिथून मिळेल त्या वाहनाने. बालवाडी सुटायच्या वेळी आया जमायच्या, त्यांच्याशी तासभर बोलायचं आणि मग एखाद्या घरी जाऊन यायचं. तिथे ईश्वरी नावाची साडेपाच वर्षांची मुलगी होती. वडील दुधाचा पिकअप चालवायचे, आई मनीषा घरीच शिवणकाम करायची, घरात सासूबाई. मनीषा पहिल्या दिवसापासून वही घेऊन बसायची आणि मी बोललेलं सगळं उतरवून घ्यायची. असा विद्यार्थी मिळाला की शिक्षक पाघळतो, मीही पाघळले.

ईश्वरीला निवडायला मटकी-हुलगे दिले की ती पंचवीस पंचवीस मिनिटं बसायची. बाकीची पोरं पाच मिनिटांत हुलगे नाकात घालायच्या बेतात असायची. ही मात्र एकेक दाणा उचलायची. मध्येच थांबायची, समोर टक लावून बघायची, आणि पुन्हा पुढचा दाणा उचलायची. मी लाल वहीत लिहिलं, 'ईश्वरी, पंचवीस मिनिटं. विचार करून काम करते.' ही वही मी आयांच्या बैठकीत वाचून दाखवली. म्हटलं, बघा, रमणं म्हणजे काय ते या मुलीकडे बघा.

त्याच दिवशी निघताना मनीषा माझ्या मागे आली. म्हणाली, "बाई, ती घरीबी अशीच मधी थांबती. एकदम डोळं लावून बसती. हाक मारली तरी ऐकू येत न्हाई तिला."

मी हसून म्हटलं, "ऐकू कसं येईल? लक्ष लागलंय तिचं. अशा वेळी हाकच मारायची नाही. थांबू द्यायचं."

"पर काई येळंला लईच थांबती."

"आपल्याला सवय नाही ना शांत पोराची, म्हणून तसं वाटतं. तू मध्ये पडू नकोस."

मनीषाने तेही वहीत लिहून घेतलं. तिची मान खाली होती आणि पेन चालू होतं, ते आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. आईने दोनदा सांगितलं आणि मी दोन्ही वेळा तिला गप्प केलं.

दिवाळी गेली, नाताळ गेला. जानेवारीतल्या एका गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले. दारातच सासूबाई भेटल्या आणि त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. "बाई, तुमी काय शिकवून ठिवलंय ह्या सुनंला? सोताच्या नातीला हाक मारायची चोरी झालीया. हाक मारली की ही बोट दाखवती मला, गप ऱ्हावा म्हनून." मला बरंच वाटलं. माझा नियम सासूवरही चालतोय, याचं कौतुक वाटलं. 

थंडी चांगली होती. ईश्वरी ओट्याखाली पाटावर बसून तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होती. मी समोर चटईवर, मनीषा शिलाई मशीनजवळ. पेला निम्मा भरला आणि तिचा हात थांबला. तांब्या तसाच कलता राहिला. पेला भरला, पाणी वरून वाहायला लागलं, पाटावरून तिच्या उघड्या पावलांवर आलं. गार पाणी होतं, माझ्या साडीच्या काठाला लागलं तशी मी पाय ओढून घेतला. तिने घेतला नाही. पावलाचं बोटसुद्धा हललं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे उघडे होते, पण ते पाण्याकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. पापण्या बारीक फडफडत होत्या.

मी हाक मारली. इतक्या वर्षांत कामात असलेल्या मुलाला मी पहिल्यांदा हाक मारली. "ईश्वरी." काही नाही. खांद्याला हात लावला. काही नाही. तांब्यातलं पाणी संपलं. मग तिने एकदम पापणी मिटली, पेल्याकडे बघितलं, रिकामा तांब्या पुन्हा वाकडा केला आणि मला विचारलं, "बाई, पानी कोनी सांडलं?"

घड्याळ माझ्या मनगटावर होतं, पण मी ते बघितलं नाही. दहा-बारा सेकंद असतील. मला ती सेकंदं फार लांब वाटली. लक्ष लागलेलं मूल मला चांगलं ओळखता येतं, असं मी जगाला सांगत फिरत होते. लक्ष लागलेल्या मुलाच्या पायावर गार पाणी पडलं तर ते पाय ओढतं आणि वर चिडतं. या मुलीचं लक्ष कशातच लागलेलं नव्हतं. तेवढा वेळ ती तिथे नव्हतीच.

मी मनीषाला विचारलं, "असं दिवसातून किती वेळा होतं?"

"सकाळधरनं चार-पाच येळा झालं असंल आज. रोजचंच हाय." तिचा आवाज चाचरत होता, कारण माझं तोंड बघून तिला काहीतरी समजलं होतं. "का वो बाई?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने ते सांगून टाकलं. "मागल्या हप्त्यात घरापुढं रस्त्यावर हुबी हुती. खाली बघत हुती. मला वाटलं, मुंग्या बघती असंल. माझ्या तोंडात हाक आल्ती. मंग तुमचं याद आलं, म्हनून हाक गिळली. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर वळला. मी वरडले तर ही हलंना. ड्रायव्हरनंच थांबवला, बापुड्यानं." तिने मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं. "मी कुनाला सांगितलं न्हाई. ईश्वरीच्या पप्पालाबी न्हाई. मला वाटलं, माझंच चुकलं, वरडून तिचं लक्ष मोडलं म्हनून."

 पंचवीस मिनिटं लिहिलेली ती लाल वही माझ्या मांडीवर होती आणि मला ती तिथून उचलून ठेवायचंही सुचेना.

हे काय असू शकतं याची मला अंधूक कल्पना होती. बालवाडी सेविकांच्या शिबिरात एका डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं की काही मुलांना फिट अशीही येते, ती पडत नाहीत, तोंडाला फेस येत नाही, फक्त क्षणभर थांबतात. मी ते ऐकलं होतं. बहुतेक तेव्हाही माझं मन भाजीबाजारात असावं.

संध्याकाळी ईश्वरीचे वडील पिकअप घेऊन आले तेव्हा मी तिथेच बसून होते. फिट हा शब्द ऐकल्यावर सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "फेपरं म्हनता व्हय तुमी? आमच्या पोरीला? आवो, गावात ह्ये कळलं तर उद्या तिचं लग्न कसं हुयाचं?" वडील शांत माणूस. ते मला म्हणाले, "बाई, तुमीच तर म्हनला हुता, पोरगी हुशार हाय, इचार करती. आता म्हनता मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. आमी कशावर इस्वास ठिवायचा?"

 मी म्हटलं, "तेव्हाचं माझं चुकलं. आताचंही चुकलं तर मला बोल लावा, पण आधी डॉक्टरांकडे चला." त्यांनी मुलीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "उंद्या दूध घालून निगू."

दुसऱ्या दिवशी नगरला मी दवाखान्याच्या दारात त्यांची वाट बघत उभी होते. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी ईश्वरीच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं आणि म्हणाल्या, "हे फुंकत राहायचं. थांबायचं नाही हं." ईश्वरी जोरजोरात फुंकायला लागली. भिरभिरं फिरत होतं, आम्ही चौघं बघत होतो, आणि मी मनात देवाला विनवत होते की ते फिरतच राहू दे, मी मूर्ख ठरू दे. दोनेक मिनिटांनी फुंकर बंद झाली. भिरभिरं हळूहळू थांबलं. ईश्वरीचे डोळे उघडे, पापण्या फडफडत. डॉक्टरांनी तिच्या कानाशी म्हटलं, "लाल फूल." पुढच्या क्षणी ती पुन्हा फुंकायला लागली. त्यांनी विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?" ईश्वरी म्हणाली, "फुंकत ऱ्हायाचं." वडिलांनी भिंतीला हात टेकला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूचा आलेख काढायचा, औषध बरेच महिने न चुकता द्यायचं, बहुतेक मुलं यातून चांगली बाहेर येतात. तोवर पाण्यापाशी, चुलीपाशी, रस्त्यावर एकटी सोडायची नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कधीपासून आहे हे? आणि आत्तापर्यंत का नाही आणलं?"

मनीषाने माझ्याकडे बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "आमच्या ध्यानात आलं न्हाई, डॉक्टर."

त्या बाईने माझी चूक स्वतःच्या पदरात घेतली. माझं वय, माझे पांढरे केस, आयांपुढची माझी बडबड, सगळं वाचवलं. क्षणभर मी ते वाचूही दिलं, हे लिहायला लाज वाटते. मग मी म्हटलं, "तिच्या ध्यानात आलं होतं. दिवाळीच्या आधीच तिने मला दोनदा सांगितलं. हाक मारू नको असं मीच तिला शिकवलं."  डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त महिना लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला.

घरी आल्यावर मी जुन्या सगळ्या लाल वह्या काढल्या आणि पलंगावर पसरल्या. आतापर्यंत त्यांच्यात मला माझं यश दिसायचं. आता मी एकेक पान भीत भीत उलटत होते. 'शांत मुलगा.' 'छान रमतो, हाक ऐकू येत नाही.' 'मध्येच थांबून विचार करते.' हे सगळं माझ्याच अक्षरात. मी फोन लावत सुटले. कुणाचं मूल आता चौथीत, कुणाचं सातवीत. "तो मध्येच थांबतो का? हाक मारली तर बघतो का?" लोकांना वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं. एक आई हसून म्हणाली, "बाई, मोबाईल हातात असला की तो एकही हाक ऐकत नाही." मी तिला म्हटलं, हात लावून बघ, आत्ता, मी फोन धरते. तिने बघितलं. मुलगा तिच्यावर खेकसला तो मला फोनवर ऐकू आला, आणि मला रडू आलं. काही नंबर लागलेच नाहीत. ती पानं मी अजून दुमडून ठेवली आहेत.

माझा नियम आता बदललाय. आयांना सांगते, मूल रमलं असेल तर रमू द्या, पण दिवसातून एकदा तरी मुद्दाम हळूच हाक मारून बघा, खांद्याला हात लावून बघा. वळलं, चिडलं, तर देवाचे आभार माना आणि त्याला परत कामाला लागू द्या. आणि तुमच्या मनात काही आलं तर माझं ऐकू नका, डॉक्टरांकडे जा. पूर्वीसारख्या त्या वहीत लिहून घेत नाहीत, माझ्याकडे जरा शंकेने बघतात. बघू द्या.

ईश्वरी आता दुसरीत आहे. औषध चालू आहे. मनीषा रोज मला फोनवर सांगायची, आज तीनदा, आज एकदा. मग एके दिवशी सांगितलं, आज न्हाई झालं. तेव्हापासून ती फोन कमी करते आणि मी जास्त करते.

परवाच्या गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले होते. दिवाळी तोंडावर, मनीषाच्या मशीनवर ब्लाउजांचा ढीग. ईश्वरी दारात बसून झेंडूची फुलं दोऱ्यात ओवत होती, एक पिवळं, एक केशरी. मी आत चहाचा कप घेऊन बसले होते आणि नजर तिच्यावरच होती. तिने सुई फुलात घातली आणि तिचा हात थांबला. ती दोऱ्याकडे टक लावून बघत राहिली.

माझा कप तोंडापाशी तसाच राहिला. मनीषाचं मशीन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आतून सासूबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. 

"ईश्वरी," मी म्हटलं.

तिने कपाळाला आठ्या घालून मान वर केली. "थांबा ना बाई. दोन पिवळी एकापाठी आली, कुटं चुकलं त्ये बगतीया ना मी. मधी नका बोलू."

सासूबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. मनीषाने मशीन पुन्हा सुरू केलं, पण तिचा टाका तिरका गेला असणार, कारण ती कापडाकडे बघतच नव्हती. मी म्हटलं, "बरं बाई, नाही बोलत."

पाच मिनिटं मी गप्प बसले. मग पुन्हा हाक मारली.